वय विचारलं की पंचावन्न, भूकंप विचारला की अठ्ठेचाळीस: एका गावाचा लोकसंख्या मनोरा काढतानाच्या नोंदी

काम: बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरातल्या एका गावाची घरोघर पाहणी करून वय-लिंगानुसार लोकसंख्या मनोरा (वयोगटांचे आडवे पट्टे एकावर एक ठेवून काढलेलं चित्र), जन्मदर आणि मृत्युदर काढणे. माणसं चार, जोड्या दोन. गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. आकडे या एकाच गावाचे आहेत, ते तालुक्याला किंवा जिल्ह्याला लावू नयेत. कोणी असंच काम हाती घेत असेल तर पद्धत उचला आणि चुका वगळा.

८ फेब्रुवारी २०२५

नकाशा आणि घरयादी. वेशीपासून सुरुवात केली आणि उजव्या हाताची भिंत न सोडता फिरलो, म्हणजे गल्ली सुटत नाही. गोठे, शाळा, देवळं, दुकानं धरून २१२ बांधकामं, त्यांत राहती घरं १७१. दारावर खडूने आकडे टाकले.

पहिला घोळ ‘कुटुंब’ या शब्दावर झाला. रेशनकार्ड मोजावं तर एकाच स्वयंपाकाची तीन कार्डं निघतात. ‘चूल किती?’ विचारावं तर बाई मागची चूल, पुढची चूल आणि गॅस असं मोजून तीन सांगते. शेवटी ‘कोणाकोणाचं शिजवणं एकत्र?’ हा प्रश्न ठरला आणि १७१ घरांत १८७ कुटुंबं निघाली.

९ फेब्रुवारी

१७१ पैकी ५८ घरांना कुलूप. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर गेलेल्या, त्या पट्टा पडल्यावर (कारखान्याचा हंगाम संपल्यावर), म्हणजे मार्च-एप्रिलात परतणार. हे गाव कोयत्याचं, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्यांचं आहे हे माहीत असूनही काम फेब्रुवारीत काढलं, कारण तेव्हा सुट्ट्या जुळत होत्या. अकरा-बारा आठवडे यात गेले.

१५ फेब्रुवारी

वेळ वाचावा म्हणून कुलूपबंद घरांची माणसं शेजाऱ्यांकडून लिहून घेतली. ५८ घरांत २३१ माणसं भरली.

(मे महिन्यात जोडलेली टीप: तीच घरं उघडी असताना मोजली तेव्हा २६८ भरली. ३७ कमी पडली होती, त्यांतली २४ पाच वर्षांखालची लेकरं. शेजाऱ्याला कर्ता आठवतो, त्याची बायको आणि शाळेत जाणारी पोरं आठवतात. कोयत्याबरोबर फडावर गेलेलं तान्हं आठवत नाही. कुलूपबंद घराची माहिती शेजाऱ्याकडून घेतलीच तर ती वेगळ्या रंगाने लिहा आणि बेरजेत धरू नका.)

१२ एप्रिल

टोळ्या परतल्या. मोजणी सुरू करण्याआधी दोन गोष्टी ठरवल्या.

पहिली, मोजणीचा क्षण. गावाची माणसं किती, या प्रश्नाला ‘कोणत्या रात्री?’ हे जोडल्याशिवाय अर्थ नाही. २०११ च्या जनगणनेचा क्षण १ मार्चच्या सुरुवातीचा, म्हणजे मध्यरात्री बाराचा होता. आम्ही अक्षय तृतीयेची रात्र धरली, ३० एप्रिल २०२५. ‘तीस एप्रिलला घरी कोण होतं?’ याला उत्तर मिळत नाही, ‘आखितीच्या रात्री घरी कोण जेवलं?’ याला लगेच मिळतं. नियम सरळ: त्या रात्रीनंतर जन्मलेलं लेकरू लिहायचं नाही, त्या रात्रीनंतर गेलेला माणूस लिहायचा. दुसरा भाग घरात बोलायला अवघड जातो. त्या रात्रीनंतर वारलेल्या म्हाताऱ्यांचं नाव ‘हयात’ रकान्यात लिहिताना घरच्यांना दोन वाक्यांत कारण सांगा, नाहीतर पाहुणचार तिथेच संपतो.

दुसरी गोष्ट, ‘रहिवासी’ कोण. पाठ्यपुस्तकी नियम सहा महिन्यांचा: वर्षात निदान सहा महिने जिथे राहतो तिथला रहिवासी. तो इथे चालत नाही. २०२४-२५ चा गाळप हंगाम नोव्हेंबरात सुरू होऊन लवकर आटोपला, म्हणजे टोळीवाला गावचा रहिवासी ठरतो. २०२१-२२ चा हंगाम जूनपर्यंत लांबला होता, त्या वर्षी तोच माणूस बाहेरचा ठरला असता. ऊस जास्त पिकला की गावाची लोकसंख्या घटते, असा हा नियम. म्हणून सहा महिने सोडून दिले आणि प्रत्येकापुढे ‘मुक्काम’ रकाना ठेवला: १ बारमाही गावात, २ हंगामी कोयता, ३ पुण्या-मुंबईला कामाला आणि सणावारी गावी, ४ पाहुणा. बेरजेत १ आणि २. बाकीचे लिहायचे, पण वेगळे.

२० एप्रिल

प्रसंगांचं कॅलेंडर. जन्मतारीख माहीत नसलेल्याचं वय काढायला हेच हत्यार. पारावर चार-पाच वयस्कर माणसं आणि दोन घरांतल्या आज्या यांच्याबरोबर बसून केलं. प्रसंग निवडायच्या अटी तीन: सगळ्या गावाला माहीत असावा, महिना-वर्ष पक्कं असावं आणि पुन्हा पुन्हा न घडणारा असावा.

टिकलेले: रझाकारांचा शेवट आणि पोलीस अॅक्शन (सप्टेंबर १९४८), इंदिरा गांधींची हत्या (३१ ऑक्टोबर १९८४), किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३ ची पहाट), विद्यापीठाचा नामविस्तार (१४ जानेवारी १९९४, संक्रांत असल्यामुळे तारीख कोणी चुकत नाही), गोपीनाथ मुंडे गेले तो दिवस (३ जून २०१४), नोटाबंदी (८ नोव्हेंबर २०१६), लॉकडाऊन (२५ मार्च २०२०, पाडव्याचा दिवस, त्या वर्षी टोळ्या कारखान्यांवरच अडकल्या होत्या, म्हणून इथे ही खूण जास्तच पक्की).

बाद झालेला प्रसंग: ‘दुष्काळ’. सत्तरीतला माणूस दुष्काळ म्हणतो तेव्हा १९७२ असतो, पस्तिशीतला म्हणतो तेव्हा २०१२-१३ किंवा २०१५-१६. शिवाय बाहत्तरचा दुष्काळ एका महिन्याचा नव्हता. त्याऐवजी ‘सुकडी खाल्ली का?’ आणि ‘खडी फोडायला कोण जात होतं, तुम्ही की तुमची आई?’ असे दोन प्रश्न ठेवले. आई जात होती आणि आपण सुकडीच्या रांगेत होतो, एवढं कळलं तरी पाच-सहा वर्षांचा पट्टा मिळतो.

२ ते ९ मे: पहिली फेरी

आठ दिवस, संध्याकाळचे चार-चार तास. एका कुटुंबाला सरासरी १८ मिनिटं. एकूण ९९८ माणसं: पुरुष ५२२, स्त्रिया ४७६. लिंग गुणोत्तर (हजार पुरुषांमागे स्त्रिया) ९१२.

दारात पहिलं वाक्य काय बोलायचं, हे चौथ्या दिवशी कळलं. तोवर लोक आम्हाला योजनेचे समजत होते. लाडकी बहीण योजनेची अट २१ ते ६५ वयाची, श्रावणबाळची ६५ पासून पुढे. म्हणजे एकाच घरात सासू पासष्ट पूर्ण सांगते आणि नुकतं लग्न झालेली सून एकवीस. दोन्ही वयं खरी असू शकतात, पण दोन्ही सोयीची आहेत. चौथ्या दिवसापासून पहिलं वाक्य: ‘हे कोणत्याही योजनेचं नाही, यातून कोणाचं नाव लागत नाही आणि कोणाचं कटत नाही.’

एका जोडीने काम पटकन व्हावं म्हणून आधार कार्डांचे फोटो काढले. त्याच रात्री सगळे पुसायला लावले. वय बघायचं, लिहायचं, कार्ड परत द्यायचं. नावांची यादीही वेगळ्या वहीत ठेवली, आकड्यांच्या फाइलीत फक्त घरक्रमांक आणि माणसाचा क्रमांक.

११ मे: भरणा

बेरीज ९३५ येत होती, कागदावर ९९८. दोन तास शोधल्यावर सापडलं: एकाच्या फोनवरच्या मराठी कीबोर्डने वयं देवनागरी अंकांत टाकली होती. स्प्रेडशीट त्यांना अक्षरं समजतं आणि बेरजेत गप्प गाळतं, चूक दाखवत नाही. ६३ ओळी इंग्रजी अंकांत करून घेतल्या.

१३ मे: वयांची तपासणी

इथे खरा धक्का बसला. लोक वय किती गोल करून सांगतात ते मोजणारा व्हिपल निर्देशांक काढला. रीत अशी: २३ ते ६२ वयाची सगळी माणसं मोजा, त्यांतली ज्यांचं वय शून्य किंवा पाचवर संपतं (२५, ३०, ३५ ते ६०) ती वेगळी मोजा, दुसऱ्या आकड्याला ५ ने गुणा, पहिल्याने भागा, १०० ने गुणा. लोक वय गोल करत नसतील तर १०० येतात, सगळेच करत असतील तर ५००. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतवारीत १०५ च्या आत उत्तम आणि १७५ च्या वर म्हणजे टाकाऊ.

आमचे ४७० पैकी १८७. म्हणजे १९९.

कारण आमचंच. प्रसंगांचं कॅलेंडर फक्त ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी वापरलं गेलं. ‘लिहा की मास्तर, पन्नास-पंचावन’ असं कोणी म्हटलं की दोन्ही जोड्यांनी त्यातलं एक लिहून टाकलं. ज्याला माहीत नाही तो निदान कबूल करतो, ज्याला अंदाज आहे तो आकडा देतो. कॅलेंडरची गरज दुसऱ्यालाच जास्त.

दुसरी खूण लेकरांची. ० ते ४ वयोगटात ७१ मुलं आली. गावात वर्षाला वीसेक बाळंतपणं होतात असं आशाताई सांगतात, मग पाच वर्षांची मिळून पंचाण्णवच्या आसपास हवीत. चोवीस लेकरं गेली कुठे? फॉर्म पुन्हा वाचले. ‘पाचवं लागलं’ असं आईने सांगितलं आणि आमच्या माणसाने ५ लिहिलं. पाचवं लागलं म्हणजे चार पूर्ण. लोकसंख्येच्या सगळ्या तक्त्यांत वय पूर्ण वर्षांचं असतं. असं एकेक लेकरू वरच्या गटात सरकलं होतं. प्रश्न बदलला: ‘किती पूर्ण झाली?’ आणि लगेच पडताळा: ‘कोणत्या महिन्यात सहावं लागेल?’

१५ मे

जोड्यांची अदलाबदल करून प्रत्येक सहावं कुटुंब पुन्हा मोजलं. ३१ कुटुंबांत ९ माणसं राहून गेलेली. एवढी गळती असेल तर नमुना तपासून भागत नाही, सगळं गाव पुन्हा.

१७ ते २८ मे: दुसरी फेरी

यंदा पावसाने मे महिन्यातच गाठलं. खडूचे आकडे धुऊन गेले. जे आडोशाला वाचले होते त्यांतली पाच-सहा घरं लग्नासाठी चुना मारून पांढरी झाली. घर ओळखता येत होतं, क्रमांक आठवत नव्हता, आणि दोन घरांचे फॉर्म एकमेकांच्या नावावर गेले. आता क्रमांक लाइटच्या मीटरपेटीच्या बाजूवर परमनंट मार्करने. तिथे कोणी चुना मारत नाही.

एका कुटुंबाला आता २५ मिनिटं. जास्तीची सात मिनिटं वयावर गेली.

एक उदाहरण पूर्ण लिहितो, कारण रीत यातच आहे. बाईंनी पहिल्या फेरीत वय सांगितलं ‘पंचावन’. दुसऱ्या फेरीत वय विचारलंच नाही. भूकंप झाला तेव्हा कुठे होता? याच घरात. लेकरं होती का? थोरली लेक पाळण्यात. दात आले होते? नाही, अजून उष्टावणही व्हायचं होतं. म्हणजे लेक १९९३ च्या एप्रिल-मे मधली. तिच्या आधी दुसरं बाळंतपण? नाही. लग्नाला तेव्हा किती पाडवे झाले होते? दोन. लग्नाच्या वेळी न्हाण येऊन किती दिवस? वर्ष-दीड वर्ष. यावरून लग्नाच्या वेळी पंधरा-सोळा, लेकीच्या वेळी सतरा, जन्म १९७६ च्या आगेमागे, म्हणजे आज अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास. फॉर्मवर ४८ लिहिलं आणि पुढे ‘±२’. हे दोन वर्षांचं सैलपण लपवू नका, पण सात वर्षांच्या चुकीपेक्षा ते परवडतं. न्हाणाचा प्रश्न पुरुषाने विचारू नये. आमच्या प्रत्येक जोडीत एक बाई होती म्हणून जमलं.

राहून गेलेली माणसं २६ सापडली: स्त्रिया १६, पुरुष १०. सोळांपैकी सहा तान्ह्या मुली आणि सात विधवा म्हाताऱ्या. मुद्दाम कोणी लपवलं नव्हतं. म्हाताऱ्यांचं कारण पाळी. तीन लेक वेगळे राहतात, आई महिना-महिना प्रत्येकाकडे जेवते. पहिला म्हणतो ‘ती थोरल्याकडं धरा’, थोरला म्हणतो ‘सध्या धाकट्याकडं’. दोन म्हाताऱ्या याच कारणाने दोन-दोनदा लिहिल्या गेल्या होत्या, त्या कमी केल्या (वरचे २६ हे त्या वजा करून). नियम: आखितीच्या रात्री जिथे झोपली तिथे.

नवी बेरीज १,०२४: पुरुष ५३२, स्त्रिया ४९२. लिंग गुणोत्तर ९१२ चं ९२५ झालं. गुणोत्तरातला हा तेराचा फरक कोणत्याही योजनेने पडला नाही, दार दुसऱ्यांदा वाजवल्याने पडला. ० ते ४ गटात आता ९४.

३० मे: वयांची दुसरी तपासणी

२३ ते ६२ वयाचे ४७६, शून्य-पाचवाले ११७. व्हिपल १२३. १९९ वरून १२३, हे चांगलं. पण एकेका वर्षाचा तक्ता डोळ्यांखालून घातला तर ३१ वयाची १९ माणसं, अलीकडे ३० वयाची ९ आणि पलीकडे ३२ वयाची ८. नवा फुगवटा आम्हीच तयार केला होता. ‘भूकंपाच्या वेळचा’ म्हटलं की आमची माणसं सरळ १९९३ लिहीत होती. आणि ३१ हा आकडा शून्य-पाचवर संपत नाही, म्हणून व्हिपलला हा फुगवटा दिसतच नाही! निर्देशांक सुधारला म्हणजे वयं सुधारली असं नव्हे. तक्ता बघाच.

त्या १९ जणांकडे परत गेलो. ‘भूकंपाच्या वेळी पोटात, पाळण्यात, रांगत की चालत?’ एवढाच प्रश्न. ३१ मध्ये १३ उरले, बाकीचे आजूबाजूला पांगले.

दुसरं एक टोक: ज्यांच्याकडे शाळेचा दाखला होता अशा ३४१ जणांपैकी ९६ जणांची जन्मतारीख १ जून. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख ती. वर्ष साधारण बरोबर असतं, दिवस-महिना नाही. पण मोजणीच्या क्षणाशी याचा संबंध येतो तो असा: आमचा क्षण ३० एप्रिल, म्हणून या ९६ जणांचं चालू वर्ष पूर्ण व्हायला महिना कमी पडतो. क्षण २ जून धरला असता तर ९६ जण एका रात्रीत वर्षाने मोठे झाले असते. क्षण ठरवताना १ जूनची कड टाळा. आणि दाखल्यावरचा १ जून कॅलेंडरने तपासा, दाखला आहे म्हणून सोडून देऊ नका.

३१ मे ते ७ जून: जन्म आणि मृत्यू

प्रश्न होता: गेल्या अक्षय तृतीयेपासून या अक्षय तृतीयेपर्यंत घरात कोण जन्मलं, कोण गेलं? लोकांना छान समजला, आम्हालाच समजला नव्हता. गेल्या वर्षीची अक्षय तृतीया १० मे २०२४ ची, यंदाची ३० एप्रिल २०२५ ची. वर्ष भरलं ३५५ दिवसांचं. तिथीचं वर्ष दहा-अकरा दिवसांनी आखूड पडतं आणि अधिक मास आला की एकदम लांबतं. दर काढताना ३६५ भागिले ३५५, म्हणजे १.०२८ ने गुणावं लागलं. पुढची अक्षय तृतीया १९ एप्रिल २०२६ ची, म्हणजे ३५४ दिवस. त्यानंतर अधिक ज्येष्ठ येतो, तेव्हा त्यापुढचं ‘वर्ष’ ३८० दिवसांच्याही वर जाईल. प्रश्न तिथीने विचारा, भागाकार दिवसांनी करा.

ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत वर्षभरात तीनच जन्म होते. नोंदवही चुकीची नव्हती. जन्माची नोंद जिथे जन्म होतो तिथे होते. बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात आणि पहिलटकरीण माहेरी गेलेली असते. म्हणून दुसरी यादी आशाताई आणि अंगणवाडीची घेतली.

जन्म: दोन्ही याद्यांत १३, फक्त आमच्या यादीत ४, फक्त त्यांच्या यादीत २. सापडलेले एकूण १९. दोन्हींतून निसटलेले किती? ४ गुणिले २ भागिले १३, म्हणजे ०.६. अंदाज १९.६. हे गणित तळ्यातले मासे मोजणाऱ्यांचं. काही मासे धरून, पर कापून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं, खुणेचे किती आले यावरून तळ्यातले एकूण काढायचे. माणसांच्या जन्म-मृत्यूंसाठी हीच कल्पना चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी १९४९ मध्ये मांडली, बंगालमधल्या सिंगूर आरोग्य केंद्राच्या भागातल्या नोंदींवर.

अट एकच आणि ती आम्ही जवळजवळ मोडली: दोन याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. एका जोडीने सुरुवातीलाच अंगणवाडीची यादी मागून घेतली आणि ती हातात धरून घरं फिरली. यादीतलं मूल ‘आहे का?’ विचारलं की सापडणारच, आणि यादीत नसलेल्याबद्दल कोणी विचारत नाही. जुळणी सुंदर दिसते आणि निसटलेले शून्य निघतात. त्या जोडीची ४० कुटुंबं यादी न देता दुसऱ्या जोडीकडून पुन्हा करून घेतली. तीन दिवस गेले.

जुळवणीतही वेळ जातो. बारशाआधीची लेकरं आशाताईंच्या वहीत आईच्या नावाने, घरात ‘बाळ्या’ आणि ‘सोनी’. आईचं नाव, घरक्रमांक आणि जन्ममहिना तिन्ही जुळले तरच एक धरलं.

मृत्यू: दोन्हींत ५, फक्त आमच्यात २, फक्त त्यांच्यात १. निसटलेले ०.४, अंदाज ८.४. त्यांच्या यादीतला तो एक म्हणजे एकट्या राहणाऱ्या बाईंचा. त्या गेल्या आणि घर मिटलं, सांगायला कोणी उरलं नाही. घरोघर विचारण्यात हे मृत्यू निसटतातच. शेजाऱ्यांना विचारा, आणि वर्षश्राद्ध कोणाकोणाचं झालं किंवा येणार आहे, हे विचारून काढा. तान्ह्याचा मृत्यू घरात विचारायची जबाबदारी आम्ही घेतली नाही.

दर: जन्म १९.६ गुणिले १.०२८ भागिले १,०२४, हजारी १९.७. मृत्यू हजारी ८.४. छापण्याआधी थांबा. आठ मृत्यूंवर काढलेला दर म्हणजे एक जास्तीचा अंत्यविधी आणि दर हजारी एकाने वर. आठचं वर्गमूळ तीनच्या आत. दुप्पट करून दोन्ही बाजूंना धरलं तर केवळ योगायोगाने तीन ते तेरा-चौदा मृत्यू होऊ शकतात. एवढ्याशा गावाचा मृत्युदर एका वर्षावर शेजारच्या गावाशी ताडू नये. तीन-चार वर्षं मोजा, मग बोला. ‘नैसर्गिक वाढ ११, म्हणून ६०-६५ वर्षांत दुप्पट’ असं एकाने तक्त्याखाली लिहिलं होतं, ते खोडलं. त्यात लग्न होऊन गेलेल्या लेकी, आलेल्या सुना आणि पुण्याला गेलेली ७१ माणसं (मुक्काम ३) कुठेच नाहीत.

१४ जून: मनोरा

पाच-पाच वर्षांचे गट, शेवटचा ८० व वरील. स्प्रेडशीटमध्ये पुरुषांचे आकडे उणे करायचे, आडवे पट्टे, दोन मालिका एकमेकींवर पूर्ण सरकवायच्या, पट्ट्यांमधलं अंतर शून्य, आणि अक्षावरचं उणे चिन्ह लपवायला आकड्यांची मांडणी ०;० अशी (ती मात्र इंग्रजी शून्यांनी). टक्के काढताना पहिली चूक: पुरुषांचे टक्के पुरुषांच्या बेरजेवर, स्त्रियांचे स्त्रियांच्या. दोन्ही बाजू शंभर-शंभर होतात आणि ४० माणसांचा फरक चित्रातून नाहीसा होतो. भागायचं एकूण १,०२४ ने.

एक मनोरा पुरेना, दोन काढले. मे महिन्याचा (मुक्काम १ आणि २): ० ते १४ वयाचे २९२, १५ ते ५९ चे ६२०, ६० व वरचे ११२. अवलंबित्व गुणोत्तर ६५. फेब्रुवारीचा (फक्त मुक्काम १, ६०२ माणसं): २०१, २९७, १०४. गुणोत्तर १०३. मे महिन्यात शंभर कमावत्या वयाच्या माणसांमागे पासष्ट, फेब्रुवारीत एकशेतीन. वीस ते चाळिशीचा मधला भाग उपसून काढल्यासारखा जातो. खाली शाळेतली पोरं आणि वर आजी-आजोबा राहतात. कोयत्याबरोबर जाणाऱ्या ४२२ जणांत ९१ लेकरं आहेत.

२०११ च्या जनगणनेत माणसं ९ ते २८ फेब्रुवारीत मोजली गेली, आणि त्या पूर्ण काळात बाहेर असलेला माणूस घरी धरायचा नाही असा नियम होता. या गावाचा तेव्हाचा आकडा कोणी आमच्या १,०२४ शी ताडणार असेल तर आधी फेब्रुवारीचा मनोरा समोर ठेवावा.

१५ जून: हिशेब

फॉर्म ४०० प्रती, दोन्ही बाजू छापून ३ रुपयांप्रमाणे १,२००. मार्कर १६०. लिहायचे पॅड चार, २४०. दोन गाड्यांचं पेट्रोल २८ दिवसांचं, २,८००. एकूण ४,४००. मेहनताना धरलेला नाही. दुसरी फेरी सगळ्या गावाची करावी लागली नसती तर निम्म्याच्या जवळपास वाचले असते.

फॉर्ममध्ये केलेले बदल, छापून घेणाऱ्यांसाठी: ‘वय’ हा रकाना शेवटी नेला, त्याआधी ‘प्रसंग’ आणि ‘त्या वेळी कसा/कशी होती’ असे दोन रकाने. वयापुढे छोटा ± चौकोन. आजी कोणाच्या पाळीत, यासाठी वेगळी ओळ. तान्ह्यासाठी पहिलीच ओळ राखीव, कर्त्याच्याही वर; ती रिकामी दिसली की विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.